लिहून घेणारं कोण

१

लोक सकाळी दुकान उघडतात आणि एकेक वस्तू चालू करत जातात. माझा धंदा उलटा. मी आलो की पंखा बंद करतो, पाण्याच्या मशीनचं बटण बंद करतो, भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढून खिशात टाकतो आणि मग आणखी काय ऐकू येतंय ते ऐकत उभा राहतो. वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य आहेत. त्यांचं यंत्र सुरू झालं की कपाळाला हात लावून बसतो. अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून घ्यायची, ती ध्वनिमुद्रित करायची आणि नीट कापून-जोडून द्यायची, हे माझं काम.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना गालिचा ठोकलाय. तिथे वाचणारा बसतो. बाहेरच्या खोलीत यंत्रं आणि मी. मध्ये जाड काच. आत जायला एकामागे एक दोन दारं आहेत, आणि त्या दोन दारांमध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढीच जागा. पहिल्यांदा येणारा प्रत्येकजण तिथे अडकल्यासारखा चेहरा करतो. मी हसतो. म्हणजे तेव्हा हसायचो.

या वेळी आत ताई होती, माझी थोरली बहीण. आयुष्यभर शाळेत शिकवलं तिनं. तिनं धडा वाचला की मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा गप्प बसायची, असा तिचा लौकिक. पण भावोजी गेले आणि ताईचं बोलणंच आटलं. मी तिला आमच्या घरी आणलं. दिवसभरात "हो", "नको" आणि "ठेव तिथे" एवढंच ऐकू यायचं. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा, कशानेही करा, नाहीतर हे असंच घट्ट होत जाईल. माझ्याकडे एकच उपाय होता. मी तिच्यापुढे एक पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, "वाचणारी बाई आजारी पडलीय. तू वाचशील का? नाहीतर माझं काम बुडेल."

हे धडधडीत खोटं होतं. ताईला ते कळलं असणार. पण धाकट्या भावाचं काम बुडू द्यायचं नाही ही तिची जुनी खोड.

२

पुस्तक एका पाळकसाहेबांनी दिलं होतं. त्यांच्या चर्चच्या आवारात एकोणिसाव्या शतकातल्या एका लेखिकेची कबर आहे. आज तिला कोणी ओळखत नाही. नावसुद्धा धड माहीत नाही, कारण पुस्तकांवर 'एका ख्रिस्तसेविकेने रचिलेली' एवढंच छापलेलं. तिच्या सगळ्या कादंबऱ्या पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या. बादशहा, सैनिक, भुयारात लपून प्रार्थना करणारी माणसं आणि शेवटी हसतमुखाने मरणारी एखादी कुमारिका. मी भाविक नाही. मला गंमतच वाटायची. तिच्या पुस्तकातला माणूस साधं पाणी प्यायचा तरी आधी आकाशाकडे बघायचा.

"हे तिचं शेवटचं," पाळकसाहेब म्हणाले. "अपुरं आहे. मध्येच संपतं. तसंच वाचा, आपल्या पदरचं काही घालू नका. तोवर तिची दृष्टी गेली होती. हे सगळं तिनं तोंडाने सांगून लिहून घेतलंय."

"कोणाकडून?"

पाळकसाहेब हसले. "तेच तर कोणाला माहीत नाही. घरात ती एकटीच राहायची म्हणतात. असेल कोणी शेजारपाजारचं."

मीही हसलो आणि चहा सांगितला.

आमची काम करायची पद्धत सोपी आहे. माझ्या टेबलावर वाकड्या मानेचा एक छोटा माइक असतो. त्याचं बटण दाबून मी बोललो की ते वाचणाऱ्याच्या हेडफोनमध्ये ऐकू येतं. ध्वनिमुद्रणात ते येत नाही. परिच्छेद चुकला तर मी म्हणतो "पुन्हा." बरोबर आला तर नुसतं "हं." वाचणाऱ्याने कागदावरची नजरही हलवायची नाही. हं ऐकलं की पुढे जायचं. वाचणाऱ्या माणसाला या हुंकाराची इतकी सवय होते की तो आला नाही तर त्याचा पाय पायरी चुकल्यासारखा अडखळतो.

पहिले काही दिवस ताईचा आवाज गंजलेल्या कडीसारखा कुरकुरत होता. मग एका सकाळी तो सुटला. "तेव्हां ती कुमारिका दिवा घेऊन भुयाराच्या मुखाशीं उभी राहिली," एवढंच वाक्य होतं, पण माझ्या अंगावर काटा आला. माझी जुनी ताई काचेपलीकडे बसली होती. मी बटण दाबून हं म्हटलं.

३

काय चुकतंय ते आधी माझ्या लक्षातच आलं नाही. कुरियरवाला आला म्हणून मी बाहेरच्या जिन्यापर्यंत गेलो होतो. सही केली, तो सुट्ट्यांवरून आणि उन्हावरून काहीबाही बोलत राहिला, मीही दोन शब्द बोललो. परत आलो तर ताई बरीच पुढे गेलेली.

जेवताना मी म्हटलं, "मी नव्हतो तर थांबायचं ना. चूक झाली असती म्हणजे?"

"नव्हतास कुठे?" ताई म्हणाली. "हं म्हणत होतास की."

"मी जिन्यात होतो."

"मग जिन्यातून म्हणत असशील," असं म्हणून ती चक्क हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी विषय तिथेच सोडला.

पण मनातून गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तोंड घट्ट मिटून बसलो. ताईने परिच्छेद संपवला. थांबली. पुढचा परिच्छेद डोळ्यांनी चाळला, पण वाचला नाही. ती वाट बघत होती. मी हललो नाही. मग तिनं किंचित मान हलवली, 'बरं' म्हटल्यासारखी, आणि वाचायला लागली.

सवय असेल, मी स्वतःला समजावलं. तिच्या डोक्यातच हं वाजत असेल. पण यंत्रावर प्रत्येक माइकचा एक काटा असतो, त्या माइकमध्ये आवाज आला की तो उचलला जातो. पुढच्या परिच्छेदाच्या शेवटी माझी नजर त्यावर होती. ताई थांबली, आणि माझ्या टेबलावरच्या माइकचा काटा हलकेच वर गेला आणि खाली आला. माझं तोंड बंद होतं. खोलीत मी एकटाच होतो.

वायरीत दोष, दुसरं काय. मी माइकची वायर यंत्रातून उपटली आणि ते टोक मुठीत धरून बसलो. ताई परिच्छेदाच्या शेवटी आली. थांबली.

काटा उचलला गेला.

मग मी एक चूक केली. हेडफोन काढून खोलीतला आवाज ऐकला. काचेतून ताईचे नुसते ओठ हलताना दिसत होते, आणि माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, कागदावर काहीतरी खरखरत होतं. बारीक, घाईघाईने. ताईचे ओठ थांबले की ते दोन-चार शब्दांनंतर थांबायचं. मागे राहिलेलं लिहून पुरं केल्यासारखं.

मी गर्रकन वळलो. माझी पिशवी, पाहुण्यांची खुर्ची, भिंत. उंदीर असेल असं मी मोठ्याने म्हणालो, आणि कोणी विचारलं नसताना असं मोठ्याने म्हणावं लागलं याचीच मला जास्त भीती वाटली.

४

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की हे पुस्तक मी परत देतोय.

ती भांडी पुसत होती. फडका तसाच हातात धरून माझ्याकडे वळली. "का?"

मी माइकचं सांगितलं. मग खरखरीचंही.

"अहो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच," ती म्हणाली. "वायरी जुन्या झाल्यात, तुम्हीच म्हणत होतात ना? आणि इकडे बघा." तिनं आवाज खाली आणला. "आज ताईंनी स्वतःहून मला हाक मारली. आमटीत मीठ कमी आहे म्हणाल्या. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली त्यांनी! मी आनंदाने रडायची बाकी होते. आणि तुम्ही काट्याचं काय घेऊन बसलात?"

तिचं खरं होतं. ताई आता वेणी नीट घालायची, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या लोकांची टवाळी करायची. एका बाजूला माझी सुधारत चाललेली बहीण आणि दुसऱ्या बाजूला एक हलणारा काटा. कोणत्याही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच मी केलं. काट्यावर चिकटपट्टी लावली आणि स्वतः हं म्हणणं सोडून दिलं.

हेडफोन मात्र मी काढत नसे. पाठीमागचं ऐकायला नको म्हणून.

एकदा घरी जाताना ताई म्हणाली, "धाकट्या, तू हल्ली फार छान ऐकतोस रे."

"म्हणजे?"

"पूर्वी तुझं लक्ष दहा ठिकाणी असायचं. आता कसं, एक शब्द सांडू देत नाहीस. माणसाला सांगावंसं वाटतं असा ऐकणारा असला की." ती थोडी चालली आणि म्हणाली, "हे गेले, तेव्हा मला वाटलं होतं आता कोणी ऐकणारं उरलं नाही."

मला गलबलून आलं. पण लगेच कळलं, तिच्या तोंडून एकदाच निघालेलं हे मनातलं बोलणं मला उद्देशून नव्हतंच.

५

शेवटचं पान आम्ही भर दुपारी वाचलं. बाहेर ऊन होतं, वरचे दंतवैद्य जेवायला गेले होते. मला त्या दुपारचं सगळं लख्ख आठवतं.

कुमारिका भुयारात आहे. सोबतचे सगळे पकडले गेलेत. सैनिक वर आलेत, दाराशी दगड रचायचा हुकूम झालाय. पुस्तक तिथेच, एका वाक्याच्या मध्यात संपतं. ते कुठल्या शब्दावर संपतं ते मला माहीत होतं. तो शब्द आला. मी समाधानाने मशीनकडे हात नेला.

ताई थांबली. मान हलवली. आणि पुढे वाचायला लागली.

तिच्यासमोरचं पान मला काचेतून दिसत होतं. खालचा अर्धा भाग कोरा. ताईची नजर पानावर नव्हतीच. ती माझ्या दिशेने बघत होती, पण माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याच्या थोडं वर आणि मागे.

"त्या कुमारिकेस एक धाकटा बंधु होता," ताई म्हणाली. "तो विश्वास धरणारा नव्हता. तो बाहेर बसून आपल्या बहिणीचा शब्द ऐकत असे."

या कादंबरीत भाऊ नाही. सगळं पुस्तक माझ्या कानांतून गेलंय. भाऊ कुठेही नाही.

मी बटण दाबून "पुरे, ताई" म्हटलं. मग आठवलं, वायर मी परत जोडलीच नव्हती. मी काचेवर थाप मारली. तिनं पाहिलं नाही.

"तेव्हां त्यानें हाक मारिली, परंतु ती तीस ऐकूं गेली नाहीं."

तिचा चेहरा इतका शांत, इतका सुखी होता की क्षणभर वाटलं, बोलू दे. बोलतेय ना. मग मला ते वाक्य नीट ऐकू आलं आणि मी हेडफोन फेकून उठलो. हेडफोन निघताच पाठीमागची खरखर कानावर आली, आता जराही न लपवता चाललेली. मी मागे पाहिलं नाही. पहिल्या दाराचं हँडल खाली दाबलं आणि त्या दोन दारांमधल्या अरुंद अंधारात शिरलो. पहिलं दार माझ्या पाठीमागे आपोआप लागतं. ते लागायला हवं होतं तेवढ्या लवकर लागलं नाही. कोणीतरी मागून येत असलं की जसं हाताने धरून ठेवतं, तसं ते रेंगाळलं. मग लागलं.

मी दुसरं दार ढकललं. आतला आवाज एकदम माझ्यावर आला.

"त्यानें पहिलें दार उघडिलें. मग दुसरें. तो आंत आला, आणि त्याच्या मागें—"

मी ताईच्या तोंडावर हात ठेवला. जन्मात कधी तिच्या अंगाला असा हात लावला नव्हता. तिचे ओठ माझ्या तळव्याखाली हलत होते, शब्द बाहेर पडायला धडपडत होता, आणि मी दाबतच राहिलो. "नको, ताई. नको, नको," एवढंच म्हणत होतो. आणि तिला धरलेलं असताना माझी नजर काचेकडे गेली.

माझ्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. डोक्यावरून काळसर कापड, मान खाली, चेहरा कापडाच्या सावलीत. एक हात टेबलावर. दुसरा हवेत थोडा उचललेला, बोटं मिटलेली, लिहिता लिहिता पुढच्या शब्दासाठी माणूस थांबतो तसा. ताईचा शब्द येईना तेव्हा ती मान हळूहळू वर व्हायला लागली.

मी डोळे मिटून घेतले. ताईचे ओठ स्थिर होईपर्यंत मिटूनच राहिलो. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

६

त्यानंतर ताई एक शब्दही बोललेली नाही. पूर्वीचे "हो" आणि "नको" पण गेले. जेवते, झोपते, सांगितलं की उठते. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सुधारता सुधारता माणूस मागे जातो. धीर सोडू नका, बोलत राहा त्यांच्याशी.

पाळकसाहेबांना मी पुस्तक परत दिलं. वाचणारी बाई आजारी पडली म्हणून सांगितलं. या वेळी ते खरं होतं. स्टुडिओला कुलूप आहे. आता मी घरीच दुसऱ्यांनी वाचलेल्या पुस्तकांची कापाकापी करतो.

बायको माझ्याशी धड बोलत नाही. "चांगल्या बोलायला लागल्या होत्या. तुमच्या खुळापायी तुम्ही त्यांचं तोंड दाबलंत," असं ती एकदा म्हणाली. हे तिनं सहज म्हटलं. त्या दुपारचं मी तिला काहीच सांगितलेलं नाही. काय सांगू? माझी बहीण बोलावी म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि आता ती गप्प आहे तोवरच मला झोप लागते, हे कुठल्या तोंडाने सांगू?

ताईच्या खोलीत मी जात नाही. उंबऱ्याशी उभा राहून विचारपूस करतो. ती माझ्या पायांकडे बघत असते, उंबऱ्याच्या अलीकडे आहेत की पलीकडे ते.

बायको मात्र रोज दुपारी तिच्यापाशी जाऊन बसते. भाजी निवडते, शेजारपाजारचं सांगते, मधूनमधून प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघत थांबते. "सांगा ना, ताई. मी ऐकतेय." तिची माया मला दिसते. तिला अडवायला माझ्याकडे कारण नाही.

आज मी पुढच्या खोलीत काम करत होतो. ताईच्या खोलीचं दार वाऱ्याने लागलं होतं. आणि बायकोची आनंदाने फुटलेली हाक आली, "अहो! अहो, धावा! ताई बोलताहेत!"

मी पॅसेजमधून धावत सुटलो आणि दाराशी येऊन थबकलो. आतून तो आवाज येत होता. स्वच्छ, विसावलेला, एकही शब्द न सांडणारा.

"त्या कुमारिकेस एक धाकटा बंधु होता..."

"बाई गं, किती छान! मग पुढे?" बायको म्हणाली.

"ताईला थांबव," मी दारातून ओरडलो. "तोंडावर हात ठेव तिच्या. बाहेर ये आधी, बाहेर ये!"

"काय हे, वेड लागलंय का तुम्हाला?" तिचा आवाज हसरा होता. "आत तरी या. तुमच्याबद्दलच सांगताहेत काहीतरी."

"तेव्हां त्यानें हाक मारिली," ताई म्हणाली, "परंतु ती तीस ऐकूं गेली नाहीं."

मी आत गेलो नाही तर पुढचं वाक्य, 'तो आंत आला, आणि त्याच्या मागें', खरं व्हायचं नाही, हे मला कळत होतं. पण आता बायकोचं हसणं थांबलं होतं. "अहो," ती म्हणाली. मग अगदी हळू, दुसऱ्याच कोणाला तरी विचारावं तसं, "तुम्ही कोण?"

मी दार ढकललं आणि मागे न बघता आत गेलो.